कणकुंबीपर्यंतच

पंढरपूर मी गाठलंच नाही, हे आधीच सांगून टाकते. गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरात पांडुरंगाला हात जोडून दिंडीबरोबर निघाले, ती घाटापलीकडे कर्नाटकातल्या कणकुंबीपर्यंत. रजाच तेवढी होती.

आई मार्चमध्ये गेली. त्याआधी चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. औषधांच्या वेळा, पाठीला पावडर, रात्री दोनची हाक. ती गेली तेव्हा रडू आलं नाही, दोनला जाग मात्र येतच राहिली. केरी तिचं माहेर. माझ्या लहानपणीचा प्रत्येक मे महिना तिथल्या डोंगरात गेला. वारीचं खरं निमित्त, विठोबा क्षमा करो, चोर्ल्याचा घाट होता.

पर्ये, मोर्ले झपाझप मागे पडली. केरीत पेज-लोणचं खाऊन घाटाला लागलो आणि पावसाने असं झोडपलं की पखवाज प्लास्टिकात गुंडाळावा लागला. मग नुसते टाळ. एका वळणावर खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसलं, लगेच धुक्याने गिळलं. रानातून कस्तूर शीळ घालत होता, एखाद्या पोराने चाल अर्धी विसरून पुन्हा पहिल्यापासून धरावी तशी.

व्हाळावर पाय धुवायला वाकले तर घोट्याला जळू. टम्म फुगलेली. मागच्या म्हाताऱ्या वारकऱ्याने "थांबा माऊली" म्हणत चंची सोडली, बोटावर चुना घेऊन तिला टेकवला. जळू गळून पडली, रक्त थांबेना. अशा वेळी आई म्हणायची, "पिऊ दे गो थोडं, पावसातच तर येते बिचारी." मला हसू फुटलं, ते आवरेचना. म्हाताऱ्याला वाटलं, बाई घाबरली.

कणकुंबीत माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला कृष्णेकडे जाते. याच गावचा कळसा नाला मात्र म्हादईला मिळून मांडवी होऊन आमच्या पणजीत उतरतो. त्या पाण्यासाठी २०१० मध्ये लवाद बसला, २०१८ मध्ये निवाडा आला, गोवा-कर्नाटकाचं भांडण आहे तिथेच. कुंडाकाठी मला सुचलं ते वेगळंच: चंद्रभागेचं पाणीही शेवटी कृष्णेलाच जातं. म्हटलं, बाई मलप्रभे, उरलेली वारी तू कर.

दिंडी जांबोटीच्या वाटेला लागली, मी परतीच्या बसमध्ये बसले. केरीला उतरून मामीला भेटायचं ठरवलं होतं. केरी कधी आली कळलंच नाही. कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हा साखळी आली होती.