तुम्ही विचारलंत म्हणून : कंपनी फोन फुकट का देत नाही?

कराडला बसस्टँडच्या बाजूला माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, सिम, हँडसेट, कव्हर, काच, सगळं मिळतं. ज्याच्या घरचं कुणी अमेरिकेत आहे असं गिऱ्हाईक आलं की एक प्रश्न ठरलेला: "तिकडं सिमबरोबर आयफोन फुकट देतात म्हणे. आपल्याकडच्या कंपन्यांना काय धाड भरलीय?" काही जण तर अशा तावात विचारतात, की जणू एअरटेलचा मालक मीच आहे. काउंटरवर उभ्या उभ्या, मागे चार जण रिचार्जसाठी ताटकळत असताना याचं उत्तर देता येत नाही. म्हणून लिहून काढलं.

आधी एक सांगतो, तिकडेही फुकट नसतो. एटी अँड टी, व्हेरायझनसारख्या कंपन्या फोनची किंमत ३६ महिन्यांत वाटून टाकतात. दर महिन्याच्या बिलात हप्ता लागतो आणि त्याखालीच तेवढी सूट वजा होते. म्हणून तो 'फुकट'. ही सूट तुम्ही त्याच कंपनीत, आणि बहुतेक वेळा तिच्या वरच्या प्लॅनवर, राहाल तोवरच मिळते. मध्येच उठलात की सूट बंद आणि उरलेले हप्ते तुमच्या गळ्यात. हप्ते फिटेपर्यंत फोन बहुधा कंपनीने लॉक केलेला असतो. सुट्टीला आलेली मुलं जुना फोन आईवडिलांना देऊन जातात आणि मग तो फोन माझ्याकडे येतो, इथलं सिम घेत नाही म्हणून. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनातच बसवलेलं सिम. गिऱ्हाईक फोन उलटासुलटा करून खाच शोधत बसतं आणि शेवटी मलाच संशयाने विचारतं, "ओरिजिनल आहे ना हो?"

त्यांचा जुना हिशेब दोन वर्षांच्या कराराचा होता. २००८ साली आयफोन थ्रीजी तिकडे १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने नऊ हजारांच्या आत मिळत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने तो भारतात आणला तो ३१ हजारांना. लोकांनी शिव्या घातल्या, लुटतायत म्हणाले. खरं तर तिकडच्या गिऱ्हाइकाकडून उरलेले पैसे दोन वर्षांच्या बिलातून वसूल होणार होते आणि इथे ते काउंटरवरच मोजून घेतले जात होते. करार इथे कोण पाळणार, याची कंपन्यांना खात्री नव्हती.

ती का नव्हती, याचं उत्तर २००३ च्या पावसाळ्यात आहे. रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. फक्त ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकीचं महिन्याच्या बिलातून. ज्या देशात १९९५ साली पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, वर इनकमिंगलाही पैसे पडत होते, तिथे ५०१ रुपयांत फोन! रिक्षावाले, भाजीवाले, गवंडी, सगळ्यांच्या कमरेला तो फोन लटकला. सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्राचा सेट होता, सिम काढून दुसरं घालायची सोय नाही, म्हणजे कंपनीच्या समजुतीप्रमाणे गिऱ्हाईक पक्कं बांधलेलं. पण बिल आलं की माणूस ओळख दाखवीना. पत्ते खरे असतीलच असं नाही, कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी म्हणे फोन मेव्हण्याला दिला. बिल थकलं की कंपनी लाइन तोडणार, म्हणजे जाऊन जाऊन गेले किती, तर ५०१. थकबाकीचा ढीग लागला आणि उधारीवर फोन वाटायची हौस बाकीच्या कंपन्यांनीही सोडून दिली.

इथली लढाई मग फोनवरून दरांवर आली. आजही दहातली नऊच्या आसपास कनेक्शनं प्रीपेड आहेत. प्रीपेडवाल्याला धरून ठेवायला कंपनीच्या हातात काहीच नसतं. आजचा पॅक संपला, उद्या तो दुसऱ्याच्या दुकानात. त्याला फोन देऊन अडकवता येत नाही, म्हणून स्वस्ताईने ओढायचं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' आलं, म्हणजे एकदाच पैसे भरले की इनकमिंग कायम चालू. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि मिनिटाचं गणितच मोडलं. बाकीच्यांना काही महिन्यांत त्याच वाटेने जावं लागलं. तो काळ दुकानदाराला मजेचा आणि डोकेदुखीचा. भिंतीवर सात-आठ कंपन्यांचे तक्ते, रोज नवा दर, आणि गिऱ्हाईक विचारणार, "रात्री अकरानंतर आयडियावरून आयडियाला काय पडतं?" दोन सिमचे फोन आले ते याच सवयीवर. एका सिमवर जुना नंबर, दुसऱ्यावर ज्याची स्कीम चालू असेल तो. २०११ च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि उरलीसुरली दोरीही तुटली.

मग २०१६ चा सप्टेंबर. जिओ आलं, आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग मार्चपर्यंत फुकट. अंगठा लावून सिम घ्यायला माझ्या दुकानापासून रसवंतीगृहापर्यंत रांग. पण जिओचं नेटवर्क फक्त फोर-जी, आणि गावाकडच्या माणसाच्या हातात कीपॅडचा साधा सेट. त्यात ते सिम चालेना. म्हणजे प्लॅन विकायचा तर फोनही आपणच विकायला हवा, इथे गाडी परत फोनवर आली.

या वेळचा हिशेब मात्र मला फार आवडला. २०१७ मध्ये जिओफोन आला तो 'फुकट' म्हणून. प्रत्यक्षात १५०० रुपये अनामत आधी भरायची, ती तीन वर्षांनी परत. त्याला उत्तर म्हणून एअरटेलने कार्बनचा ए-४० आणला, जाहिरात १३९९ रुपयांची. गिऱ्हाईक चौदाशे रुपये काढून काउंटरवर ठेवायचं आणि मी म्हणायचो, अजून पंधराशे द्या. कारण आधी भरायचे होते २८९९. मग ३६ महिने, दर महिन्याला १६९ चा रिचार्ज. दीड वर्षाने ५०० परत, तीन वर्षांनी १०००. २८९९ मधून १५०० वजा करा, राहिले १३९९. कागदावर चोख. पण बाजारच्या दिवशी आलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगा बघू. एक आजोबा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे मी कंपनीला उसनं द्यायचं व्हय?"

आजोबांनी एका वाक्यात मुद्दा सांगितला. अमेरिकेत कंपनी आधी देते आणि मागून वसूल करते. २००३ मध्ये इथेही तेच करून पाहिलं आणि हात पोळले. २०१७ मध्ये उलटं केलं, पैसे आधी गिऱ्हाइकाने ठेवायचे आणि कंपनी तीन वर्षांनी परत देणार. गंमत अशी की २०१८ च्या जुलैत जिओने जुना चालू फोन घेऊन ५०१ रुपयांत जिओफोन द्यायला सुरुवात केली आणि योजनेला नाव दिलं, मान्सून हंगामा. पंधरा वर्षांनी तेच नाव, तोच आकडा, योजनेमागे तेच मुकेश अंबानी. फरक एवढाच की या वेळी उसनं गिऱ्हाईक कंपनीला देत होतं. मधल्या काळात जुनी रिलायन्स मोबाइल कंपनी धाकट्या भावाच्या वाट्याला गेली आणि २०१७ च्या शेवटी तिची सेवा बंदही पडली होती.

मग उधारीवर फोन इथे मिळतच नाही का? मिळतो की, माझ्या दुकानातले बरेचसे महाग फोन हप्त्यावरच जातात. फक्त ती उधारी सिमवाल्या कंपनीची नसते, फायनान्सवाल्याची असते. त्याचा माणूस सणासुदीला दुकानातच टेबल टाकून बसतो, आधार-पॅन बघतो, बँक खात्याला हप्ता जोडतो. वसुली हाच त्याचा धंदा, आणि ती त्याला जमते. काही ठिकाणी हप्ता चुकला की फोनच लॉक होईल असं अ‍ॅपही आधी टाकायचे. ज्या कामात रिलायन्सचे हात पोळले, ते काम असं वेगळं काढून दिलं गेलं. मला विचाराल तर हे गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आहे. फोनची किंमत किती, व्याज किती आणि रिचार्ज किती, हे तीन आकडे वेगळे दिसतात. अमेरिकेतल्या बिलात ते एकमेकांत असे मुरलेले असतात की तिथे राहणाऱ्यालाही सांगता येत नाहीत. माझं नुकसान म्हणाल, तर रिचार्जच्या शंभरामागे मला दोन-तीन रुपयेच सुटतात, फोन कुणीही विकला तरी.

फोनची बाजू अशी साफ आहे. प्लॅनची बाजू मात्र बिघडली, आणि ती 'फुकट फोन' नसल्यामुळे नव्हे. एअरसेल बुडाली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. भिंतीवरचे सात-आठ तक्ते तिनावर आले, चौथा बीएसएनएलचा. २०२४ च्या जुलैत तिघांनीही एक-दोन दिवसांच्या फरकाने दर वाढवले आणि महिन्याचा नेहमीचा पॅक तिघांकडेही २९९ वर येऊन बसला. जिओ तेव्हा रोज दीड जीबी द्यायचं, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) एक जीबी, एवढाच फरक. 'महिना' म्हणजेही २८ दिवस, त्यामुळे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. ट्रायने, म्हणजे या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये त्यांना सांगितलं, किमान एक पॅक तीस दिवसांचा ठेवा. ठेवलाय, पण तो तुम्हाला विचारून काढावा लागतो.

आमच्या गल्लीतल्या माई दर थोड्या दिवसांनी साधा कीपॅड फोन घेऊन येतात. त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेलं लाइफटाइमचं सिम त्यात आहे. २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांच्या मिनिमम रिचार्जची सक्ती सुरू झाली तेव्हा त्यांना वाटलं मीच फसवतोय. "लाइफटाइम म्हणजे कुणाचं रे, माझं का त्यांचं?" परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, मला ते नेट नको, नुसतं बोलायचं दे. ट्रायच्या आदेशावरून २०२५ च्या जानेवारीत नुसते कॉल आणि मेसेजचे पॅक आले, ८४ दिवसांचे, तेव्हा जिओचा ४४८ ला होता, एअरटेलचा ४६९ ला. रिचार्जच्या अ‍ॅपमध्ये ते इतके खाली असतात की बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं. तो काढून त्यांना दिला. बीएसएनएलला नंबर वळवू का, तिथे स्वस्त आहे, असंही त्यांनी विचारलं. १९०० वर मेसेज टाकला की कोड येतो, थोड्या दिवसांचं काम. पण त्यांच्या माजघरात बीएसएनएलची रेंज येत नाही हे मला माहीत आहे, त्या फोन माजघरातच ठेवतात, आणि पेन्शन जमा झाल्याचा बँकेचा मेसेज त्याच नंबरवर येतो. म्हटलं, आधी शेजारच्या बंडूचं बीएसएनएलचं सिम दोन दिवस तुमच्या फोनात घालून बघा, मग ठरवू.