मुठेच्या कडेकडेनं

शनिवार

पुण्यात राजाराम पुलापासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत मुठेच्या कडेनं सायकल नेता येते का, हे आज बघायचं होतं. येते. पण नदी सारखी हातातून निसटते.

राजाराम पूल ते म्हात्रे पूल हा डीपी रस्ता नकाशावर नदीला अगदी खेटून दिसतो. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये लग्नाची लॉन्स आहेत, एकाला लागून एक. सकाळी सहाला तिथं रात्रीच्या मांडवाचे बांबू उतरत होते आणि फुलांच्या कमानीचा सांगाडा टेम्पोत चढत होता. नदी दिसते ती दोन भिंतींच्या फटीतून, तीही वास आला म्हणून मान वळवली तर. वास आहेच. पुण्यात नदीकाठी राहणाऱ्यांना तो येईनासा होतो म्हणतात. मला अजून येतो.

म्हात्रे पुलानंतर गरवारे महाविद्यालयाच्या मागनं नदीपात्रातल्या रस्त्याला लागले आणि एकदम मोकळं वाटलं. डोक्यावर मेट्रो, खाली आपण. पात्रात खांब उभे करण्यावरून किती भांडणं झाली, कोर्टबाजी झाली. आज गाडी वरून गेली तेव्हा खालच्या म्हशीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. लकडी पुलाखालून पुढे आले. पानिपताच्या साली, म्हणजे 1761 मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी इथे लाकडी पूल बांधला. लाकूड कधीच गेलं, पाटीवर संभाजी पूल आलं, रिक्षावाले अजून लकडी पूलच म्हणतात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा याच्यावरून पाणी गेलं होतं. आज ते पाणी इतकं खाली आणि इतकं बारीक, की आई सांगायची ते सगळं खरं कसं असेल असं वाटावं. मग जुलै 2024 चा पूर आठवला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रबरी होड्या चालल्या होत्या.

भिडे पुलावर थांबून पाणी प्यायले. हा पूल मला आवडतो, कारण तो उंच नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पहिल्यांदा बुडणारा हाच, आणि हिवाळ्यात पाण्याच्या इतकं जवळ नेणाराही हाच. कठड्यापाशी एक धोबी पक्षी शेपटी हलवत जलपर्णीवरून चालत होता, सतरंजीवर चालावं तसा. बाकी सगळे पूल नदीच्या डोक्यावरून नेतात. ओंकारेश्वराच्या पुढे मात्र रस्ता नदीला सोडून गर्दीत घुसतो. तिथून संगमापर्यंत बसच्या धुरातच गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार

आज संगमाच्या पलीकडे. मुळा आणि मुठा एकत्र आल्या की नदीचं नाव जोडनाव होतं आणि पात्रही अंग धरतं. बंडगार्डनला तर ती नदीसारखी दिसते, कारण बंधाऱ्यानं पाणी अडवलंय. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून तो 1850 मध्ये पुरा झाला, आणि बागेला नाव मिळालं ते या बंधाऱ्यावरूनच (इंग्रजीत 'बंड').

इथला काठ नदी सुधार प्रकल्पात बांधून झालाय. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटरचा हा प्रकल्प. खरं सांगायचं तर आधी मी नाक मुरडूनच गेले होते. मग पाहिलं, एक आजोबा वॉकर टेकत निवांत चालले होते, दोन बायका लहानग्याला तीनचाकी शिकवत होत्या. डीपी रस्त्यावर यातलं काही शक्य नाही. गर्दी बघून मी सायकल हातात धरून चालले. पण नऊ वाजले, ऊन फरशीवर उतरलं आणि सगळे पांगले. दगड तापतो, कोवळ्या रोपांची सावली टोपीएवढी पडते. जिथे करंज आणि उंबर जुने आहेत तिथे मात्र पोरं अजून बसलेली होती. डिसेंबरात ही गत, तर एप्रिलमध्ये काय होईल? सायकलवाल्याला गुळगुळीत रस्ता नसला तरी चालतो, खडबडीतून तो वाट काढतो. सावली नसली की घरी जातो. हे नकाशा काढणाऱ्यांच्या लक्षात का येत नाही, की त्यांना सायकल फक्त चित्रात काढायची असते?

जुन्या फिट्झगेराल्ड पुलावर (1860च्या दशकातला, टोकांना सिंह आहेत) वाहनं नाहीत, त्यामुळे तिथे निवांत उभं राहता येतं. येरवड्याच्या बाजूला डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्षी उद्यान आहे. उथळ पाण्यात थापट्या बदकं चोची बुडवून गोल गोल फिरत होती, तिकडे कडेला शेकाटे लांब लाल पायांवर उभे. दूर चक्रवाकाची एक जोडी. पाहुणे इतक्या लांबून येतात ते आपल्या सांडपाण्यावर पोसलेल्या किड्यांसाठी. ही गोष्ट अभिमानाची की लाजेची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुधवार

मागचं चाक बसलं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या काळ्या पाण्यात हातभर हातभर सरकवत नेली. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. टायरच्या आतून बोट फिरवून त्यांनी काट्याचं टोक काढलं आणि तळहातावर ठेवलं.

"नदीला गेला होता ना ताई? बाभळीचा आहे. टेकडीवाले येतात त्यांच्यात गोखरू निघतं."

सोल्युशन वाळेपर्यंत ते त्यांच्या तरुणपणाचं सांगत बसले. पेठेत तासावर सायकली भाड्यानं मिळायच्या, हजेरीसारखी वही असायची. मध्यंतरी मोबाइलवर उघडणाऱ्या कुलपांच्या सायकली शहरात आल्या आणि गेल्या. त्या सायकलींची दुरुस्ती कधी काकांकडे आली नाही, याचा त्यांना राग आहे.

रविवार

बाणेरला राम नदी मुळेला मिळते, तिथे. भुकूमकडून निघून बावधन, पाषाण करत येणारी ही नदी बहुतेकांना नाला म्हणूनच ठाऊक. पण संगमापाशी अजून एक हिरवा पट्टा टिकून आहे, गावाकडच्या ओढ्याच्या कडेला असावा तसा. वाळुंजाची झाडं पाण्यावर ओणवी झालेली, पानं खालून पांढरट, वारा आला की सगळं झाड रंग बदलतं. सायकल उंबराला टेकवली. पायाखाली ओलसर माती, पिकून फुटलेली उंबरं, त्यात मुंग्या. आणि गारवा! रस्त्यावरून दोनशे पावलं आत आलं की अंगावरचा घाम वाळतो. हीच झाडं वाचवायला 2025 मध्ये माणसं रस्त्यावर उतरली होती. इथे उभं राहिल्यावर त्यांना कशासाठी ते विचारावं लागत नाही.

मग हौसेनं पाषाण तलावावरून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडचा चढ घेतला. अर्ध्यातच दम गेला. वर वेताळ टेकडीवर सायकल चालवण्यात मला रस नाही, चालणाऱ्यांच्या अंगावर घंटी वाजवत जायचं तर टेकडीला कशाला यायचं. सायकल एका बाजूला उभी केली आणि पायी निघाले. गिरिपुष्पाच्या एकसुरी रानात पाखरंही कमीच असतात. ते संपून गवताळ माळ आला की सालई आणि गणेर दिसायला लागतात. गणेराची पानं गळून गेलीयेत, फुलं अजून महिना-दोन महिन्यांनी. मोर ओरडला, दिसला नाही. घरी येऊन मोज्यांतली कुसळं काढत बसले. एकेक कुसळ पीळ घेऊन सुतात शिरलेलं, ओढलं तर धागा येतो, उलटं फिरवलं तरच सुटतं.

पुढच्या वेळी दापोडी. पवना जिथे मुळेत येते तो भाग पाहायचाय, हॅरिस पूल ओलांडून सांगवीच्या बाजूनं वाट निघते का बघायचंय. शेजारचा ओंकार मागे लागलाय, "मावशी, मला पण न्या." त्याच्या सायकलला पुढचा ब्रेक नाही. शनिवारी आधी तिला काकांकडे न्यायची, मग बघू.