ब्लॉकसाठी घातलेले १९ दिवस

आईला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा एक कॅन्सर, निघाला तेव्हा डॉक्टरांनी समोर बसूनच आयपीआय स्कोअर काढला, म्हणजे आजार किती धोक्याचा याचे पाचपैकी गुण. वय ६० च्या वर एक, स्टेज तीन म्हणून एक, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं म्हणून एक. आई हिंडतीफिरती होती आणि आजार गाठींच्या बाहेर गेला नव्हता, त्याचे शून्य. पाचपैकी तीन. पण म्हणाले, फिश टेस्ट (गाठीच्या पेशींमधल्या जीन्सची तपासणी) येऊ दे, मिक आणि बीसीएल२ या दोन्ही जीन्समध्ये उलटापालट असेल तर आजार जास्त चिवट असतो आणि औषधंही कदाचित बदलावी लागतील.

इथे आमचं घोडं अडलं. बायोप्सी एका हॉस्पिटलात झालेली, ट्रीटमेंट दुसरीकडे, आणि फिशला मूळ पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, हवा. पहिल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर गेले तर म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा, पत्र नेलं तर सही करणारे रजेवर, मग चार दिवसांनी हातात ब्लॉक नाही तर नुसत्या स्लाइड्स ठेवल्या, त्या लॅबने परत पाठवल्या कारण टिश्यू अपुरा. मी पुन्हा गेले. "ताई, ब्लॉक बाहेर देत नाही आम्ही." अहो, माझ्या आईच्या मानेतली गाठ आहे ती! शेवटी आमच्या डॉक्टरांनी थेट तिथल्या पॅथॉलॉजिस्टना फोन केला आणि अर्ध्या तासात ब्लॉक मिळाला. १९ दिवस गेले यात. आर-चॉपची, म्हणजे केमो आणि सोबत रिटुक्सिमॅब या औषधाची, पहिली सायकल तोवर सुरू केली होती, थांबणं परवडणारं नव्हतं. अजूनही तो काउंटर आठवला की डोकं तापतं.

म्हणून सांगते, बायोप्सीच्या दिवशीच विचारा की ब्लॉक कुठे राहणार, कोणाच्या सहीने मिळणार. आणि फोन आधी करायला लावा, पत्र नंतर.

त्या १९ रात्री मी नेटवर टक्केवारी वाचत बसायचे. तीन स्कोअरला पाच वर्षांनी ४३ टक्के जिवंत, हे वाचून रडले होते. नंतर कळलं की तो आकडा १९९३ चा, रिटुक्सिमॅब येण्याच्या आधीचा! रिटुक्सिमॅबनंतर २००७ साली स्कोअरची नवी मांडणी झाली, त्यात तीन ते पाचच्या गटात चार वर्षांनी ५५ टक्के. तेही गटाचं गणित, एकट्या आईचं नाही. आकडा वाचताना साल आधी बघा.

हां, एलडीएचचं राहिलं. आमचं पहिलं सॅम्पल हिमोलाइझ झालं होतं, म्हणजे नळीतच रक्तपेशी फुटल्या, त्यानेही एलडीएच खोटं वाढतं. आम्ही केमोच्या आधीच परत करून घेतलं, तरी वाढलेलंच आलं, पण निदान खात्री झाली.

फिश निगेटिव्ह आली. सहा सायकलनंतरचा पेट स्कॅन डॉविल दोन (एक ते पाचच्या मोजपट्टीवर), म्हणजे चांगला. डॉक्टर म्हणतात निदानापासून दोन वर्षं आजार उलटला नाही तर पुढचा धोका खूपच उतरतो. सतरा महिने झालेत, अजून सात.