सिंगापूरचा लेओव्हर आणि एकच हॉकर सेंटर

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जपानच्या वाटेवर सिंगापूरला सहा-आठ तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, बऱ्याचदा पदरी पडतो. तो वेळ विमानतळावरच्या खुर्चीत काढू नये, बाहेर पडून तिथलं खरं जेवण जेवून यावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र तीन ठिकाणं गाठायचा हट्ट धरला तर एकही धड होत नाही. एकच हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या छोट्या स्टॉलचं एकत्र संकुल, निवडायचं आणि तिथे दोन-तीन पदार्थ शांतपणे खायचे, हीच पद्धत मला जमली आहे.

सगळ्यात आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरमध्ये शिरायला व्हिसा लागतो. तिसऱ्या देशाला जाताना किंवा तिथून येताना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडण्याची सवलत आहे. तिच्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट हवं. तो व्हिसा सिंगापुरात शिरल्यापासून किमान महिनाभर चालणारा असावा लागतो. प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, म्हणून निघण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या सरकारी साइटवर ताजे नियम वाचून घ्यावेत. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेशाचा फॉर्म, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, त्यांच्या वाट्याला जाऊ नये. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान पुढच्या विमानात आपोआप जात नाही. ते घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, त्यात तास-दीड तास सहज जातो.

आता वेळेचा हिशोब. विमान टेकल्यापासून बाहेर येईपर्यंत मी एक तास धरते आणि सुटण्याच्या दोन तास आधी विमानतळावर परत यायचं ठरवते. म्हणजे सहा तासांतले हाताशी तीनच उरतात, आणि त्यातच जाणं-येणं आलं. पाच तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडूच नये. ज्वेल हे झाडांचं आणि धबधब्याचं प्रसिद्ध संकुलसुद्धा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तेव्हा व्हिसाचा प्रश्न तिथेही येतोच.

पाच-सहा तास असतील तर थेट बेडोक. चांगी विमानतळाचं एमआरटी (शहरातली मेट्रो) स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. टर्मिनल १ वरून तिथे न्यायला स्कायट्रेन आहे, टर्मिनल ४ वरून मात्र आधी शटल बस घ्यावी लागते. विमानतळाच्या गाडीने एक्स्पोवरून तानाह मेराह गाठायचं, तिथे हिरव्या लाइनची शहराकडे जाणारी गाडी पकडायची, की पुढचंच स्टेशन बेडोक. बेडोक इंटरचेंज हॉकर सेंटर स्टेशनला लागून आहे. भोवती रहिवासी वस्ती असल्यामुळे पर्यटकांची गर्दी कमी आणि चव रोज खाणाऱ्यांच्या जिभेला जपणारी. सात तासांहून जास्त वेळ असेल तर हिरव्या लाइनने औट्रम पार्क आणि तिथून एक स्टेशन पुढे मॅक्सवेल, म्हणजे मॅक्सवेल फूड सेंटर समोरच. दक्षिण भारतीय जेवण आणि बिर्याणी हवी असेल तर लिटल इंडिया स्टेशनजवळचं टेक्का सेंटर. संध्याकाळचा लेओव्हर असेल तर ‘लाऊ पा सात’ या हॉकर सेंटरच्या बाजूचा बून टॅट स्ट्रीट संध्याकाळी सात वाजल्यानंतर रहदारीला बंद असतो आणि रस्त्यावरच साटेच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या, शेगड्या पेटतात.

तिकिटासाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवलं की काम होतं. परदेशी कार्डावर थोडं जास्तीचं शुल्क लागतं, पण एका दिवसासाठी तेच सोयीचं. गाडीत आणि स्टेशनवर पाणीसुद्धा पिऊ नये, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे. खाण्यासाठी मात्र रोकड हवी. बऱ्याच स्टॉलवर स्थानिक क्यूआर चालतो, परदेशी कार्ड चालेलच असं नाही. माणशी २५-३० सिंगापूर डॉलर, तेही २, ५ आणि १० च्या नोटांत, पुरतात. ५० ची नोट पुढे केली की गर्दीच्या वेळी स्टॉलवाल्यांची पंचाईत होते.

हॉकर सेंटरमध्ये शिरल्यावर आधी जागा धरायची. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं की ती जागा घेतलेली, तिथे बसायचं नाही. तुम्हीही तसंच पाकीट ठेवा, पासपोर्टची पिशवी मात्र अजिबात नको. प्रत्येक स्टॉलवर स्वतः जाऊन ऑर्डर द्यायची, पैसे लगेच चुकते करायचे. खाऊन झालं की ट्रे परत नेऊन ठेवायचा. १ सप्टेंबर २०२१ पासून हे सक्तीचं आहे. हलाल ट्रेचा रॅक वेगळा असतो, तो बघून ठेवावा. दुपारी १२ ते दीड ऑफिसवाल्यांची झुंबड असते, म्हणून मी साडेदहा-अकराला पोहोचेन असंच गणित बसवते. नावाजलेल्या स्टॉलवरचा माल दुपारी दोनपर्यंत संपलेला असतो आणि सोमवारी बरेच स्टॉल बंद असतात. लांबच लांब रांग असेल तर शेजारच्या, स्थानिक लोक उभे असलेल्या स्टॉलवर जावं. अर्धा तास रांगेत घालवण्याइतका फरक चवीत क्वचितच असतो.

पहिली ताटली चिकन राइसची. दिसायला फिकट भात आणि चिकनचे तुकडे, पण सगळी करामत आत आहे. कोंबडी खळखळ उकळवत नाहीत, मंद पाण्यात शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी घट्ट होते आणि तिच्याखाली जेलीसारखा पातळ थर धरतो. तो दिसला की समजावं, हात जाणता आहे. तांदूळ कोंबडीच्या चरबीवर आलं-लसूण घालून परततात आणि पांदानचं सुगंधी पान टाकून कोंबडीच्याच रश्श्यात शिजवतात. आधी नुसता भात खाऊन बघा, मग मिरची-आल्याची आंबट चटणी आणि दाट काळा सोया. ताटली साधारण ४ ते ६ डॉलरला येते.

दुसरी वाटी लाक्साची. नारळाच्या दुधाचा रस्सा, त्यात जाड शेवया, कोळंबी आणि शिंपल्यातलं मांस. वाटणात सोडे आणि बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो. चवीची सगळी खोली त्यानेच येते. पुढे लांबचा प्रवास असेल तर शिंपले नकोत असं सांगावं, ते बऱ्याचदा अर्धेकच्चे असतात.

शाकाहारी लोकांनी इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. चिकन राइसचा नुसता भातही कोंबडीच्या चरबीतला असतो. फळं-काकडीच्या चिनी रोजाकमध्ये कोळंबीची काळी पेस्ट असते, पोपिया या पातळ पोळीच्या गुंडाळीच्या सारणात सोडे, आणि ‘कॅरट केक’ हा मुळा आणि तांदळाच्या पिठाचा, अंड्यात परतलेला, बऱ्याचदा डुकराच्या चरबीवरचा. काया टोस्टच्या हिरवट जॅममध्येही अंडं आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल. तिथे तळलेल्या बीहून शेवया, टोफू आणि भाज्या मिळतात, कांदा-लसूणही बहुतेक ठिकाणी नसतो. दुसरा मार्ग टेक्काचा डोसा. पराठ्यासारखी रोटी प्राता घेतली तर सोबत मटण किंवा माशांचा रस्सा येतो, डाळ आधीच मागून घ्यावी. गोडात चेंदोल (नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया) आणि सोयाचं मऊ ताउ हुए निर्धास्त खावं. गोमांस टाळणाऱ्यांनी मलाय स्टॉलवर साटे आणि रेंदांग (मांसाचा आटवलेला मसालेदार रस्सा) कशाचं आहे ते विचारावं. साटेच्या सॉसमध्ये शेंगदाणे असतात, ॲलर्जी असेल तर लक्षात ठेवा.

शेवटी कोपी, म्हणजे तिथली कॉफी. बी साखर आणि मार्जरिन घालून भाजतात, मग लांब कापडी गाळणीतून काढतात. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कवाली, चांगलीच गोड येते. ‘कोपी-सी’ इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखरेची, ‘कोपी-ओ’ बिनदुधाची पण साखर असलेली, ‘कोपी-ओ कोसोंग’ साखरेशिवाय. साखर कमी हवी तर ‘सिउ दाई’, बर्फ घालून हवी तर ‘पेंग’ जोडायचं. चहाला हेच शब्द ‘तेह’ला लावायचे, आल्याचा हवा तर ‘तेह हालिया’. सकाळी सहा-सातला उतरलात तर हीच न्याहारी: कोपी, लोण्याचा थंड काप घातलेला काया टोस्ट आणि दोन अर्धी उकडलेली अंडी. अंडी बशीत फोडून त्यावर काळा सोया आणि पांढरी मिरपूड टाकतात, ढवळून टोस्ट बुडवायचा.

परतताना खाण्याच्या वस्तू घ्यायचा मोह होतो. चांगीला टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटवर होते, त्यामुळे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी काया जॅमची किंवा सांबाल या मिरचीच्या चटणीची बाटली तिथे हमखास अडते. सामान आधीच पुढे गेलेलं असेल तर छोटी बाटली किंवा कोपीची पाकिटं घ्यावीत. पुढे ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड असेल तर बाक क्वासारखं सुकं मांस विमानातून उतरण्याआधी संपवावं आणि उरलेलं सगळं खाणं फॉर्मवर जाहीर करावं.