सस्पेंडनंतर बूस्ट परत चालू होतो, त्याचा माग

मृग लागून आठ दिवस झाले. गुहागरात वीज दिवसातून तीन-चारदा जाते आणि माझा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा मूळ भाग) इन्व्हर्टरवर बिल्ड होतो, म्हणजे सोर्सकोडपासून तयार होतो, त्यामुळे बूस्ट बंद असणं माझ्या फार गरजेचं. बूस्टमध्ये प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जातो तेव्हा व्होल्टेजही चढतं, आणि विजेच्या खर्चात व्होल्टेजचा वर्ग येतो. वेग थोडा वाढतो, बॅटरी मात्र भराभर उतरते.

दुखणं मागच्या नोंदीतलंच. सिसएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग फाइलींसारखी दाखवणारी जागा) 'बूस्ट' फाइलमध्ये ० लिहायचं, म्हणजे बूस्ट बंद, मग लॅपटॉप सस्पेंड करायचा, म्हणजे झोपवायचा, आणि उठवायचा. फाइल ० दाखवते, पण बिल्ड लावला की पंखा भणभणतो. या वेळी फाइल बाजूला ठेवून थेट एमएसआर, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सेटिंगचं रजिस्टर, वाचला. एएमडीमध्ये हेक्स सी००१००१५ या रजिस्टरचा २५ वा बिट १ असला की त्या कोअरचा बूस्ट बंद. इंटेलवर हेच काम १ए० चा ३८ वा बिट करतो. माझा जुना ४ कोअरचा एएमडी, 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक' या वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरवर चालणारा. सस्पेंडच्या आधी चारही कोअरवर १, नंतर चारही कोअरवर ०.

कर्नलची चूक की फर्मवेअरची (लॅपटॉपच्या बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची), हे सस्पेंड करत बसून कळेना. त्यासाठी कोअर ३ हाताने ऑफलाइन केला, म्हणजे कामातून काढला, आणि लगेच ऑनलाइन आणला. यात फर्मवेअर मध्ये येतच नाही, तरीही बिट ० झाला! दोन तास ड्रायव्हरच्या कोडमध्ये वर-खाली करत होतो, मग सापडलं. पॉलिसी, म्हणजे कोअरच्या वेगाच्या सेटिंगची कर्नलमधली नोंद, बंद होताना ड्रायव्हरचं एक्झिट फंक्शन बूस्ट न विचारता चालू करतं. त्यामागे जुना विचार आहे: ऑफलाइन गेलेल्या कोअरचा बंद-बिट बाकीच्यांचा बूस्ट अडवू नये. पूर्वी कोअर परत आला की सेटिंग पुन्हा लिहिलं जायचं, म्हणून हे निभावून जात होतं. पुढे ते लिहिणं अनावश्यक म्हणून काढलं गेलं. आता सीपीयूफ्रेकच्या (कर्नलच्या वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) मुख्य कोडमध्ये पॉलिसीच्या नोंदीतलं 'बंद' आणि सगळ्या यंत्रासाठीच्या नोंदीतलं 'बंद' ताडून बघितलं जातं, जुळलं म्हणून कोड पुढे जातो. दोन्ही नोंदी त्याच्याच वहीतल्या. सिलिकॉनला कोणी विचारलंच नाही.

मुख्य कर्नलमध्ये सीपीयूफ्रेकचे मेंटेनर विरेश कुमार यांनी हे २०२५ मध्ये दुरुस्त केलं आहे. मी मुद्दाम त्याआधीची आवृत्ती धरून बसलोय, कारण मला ते स्वतःच्या हाताने समजून घ्यायचं होतं.

एक्झिटमधली ती ओळ काढली. ऑफलाइन-ऑनलाइनची चाचणी पास. आनंदात सस्पेंड केलं, तर पुन्हा चारही ०. म्हणजे दोष दोन होते आणि पहिल्याच्या आड दुसरा लपला होता: झोपेतून उठताना माझ्या लॅपटॉपचं फर्मवेअरही तो बिट पुसतं. मग इनिटमध्ये, म्हणजे कोअर परत येताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तपासणी घातली, की आधी एमएसआर वाच आणि पॉलिसीशी जुळत नसेल तर पॉलिसीप्रमाणे लिही. कोअर १, २, ३ सुधारले. शून्य नंबरचा तसाच.

हे कोडं सोडवताना रात्री दीडला वीज गेली, आणि अंधारात पागोळ्या ऐकत बसलो असताना उलगडलं. सस्पेंडमध्ये बाकीचे कोअर ऑफलाइन काढले जातात, पण शेवटी यंत्र झोपवायला कोणीतरी जागं राहावं लागतं, तो कोअर ०. तो ऑफलाइन गेलाच नाही, म्हणून परत येताना त्याचं इनिट चाललंच नाही.

ड्रायव्हरचं रिझ्यूम फंक्शन (यंत्र उठताना चालणारं) मात्र प्रत्येक चालू पॉलिसीसाठी बोलावलं जातं. तिथे एक ओळ घातली, पॉलिसीत जे लिहिलंय ते पुन्हा सेट कर. इनिटमधली तपासणी तरीही ठेवली आहे, कारण नुसत्या ऑफलाइन-ऑनलाइनमध्ये रिझ्यूम चालत नाही.

काल संध्याकाळपासून बारा वेळा झोपवून उठवला. बाराही वेळा चारही कोअरवर १.

एक चाचणी उरली आहे. बूस्ट बंद करून कोअर ३ ऑफलाइन काढायचा आणि तो बाहेर असतानाच बूस्ट चालू करायचा. एक्झिटमधली ओळ आता नाही, तेव्हा ती जिच्यासाठी होती ती अडचण माझ्या प्रोसेसरवर खरंच उभी राहते का, ते बघायचंय. आज वीज टिकली तर रात्रीच.