माँत्रोचा धूर आणि रॅकवरच्या रिकाम्या जागा

जिनिव्हाहून माँत्रोला जाताना गाडीत उजवीकडची खिडकी पकडावी. लोझान मागे पडलं की लाव्होचे द्राक्षमळे सुरू होतात. दगडी बांधांच्या पायऱ्या थेट तळ्यापर्यंत उतरत जातात आणि पाण्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर उभे असतात. २००७ पासून हे मळे जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्याकडची माणसं स्वित्झर्लंडला जातात ती बहुतेक इंटरलाकेन, टिटलिस करून परततात, हा कोपरा राहूनच जातो. माझा भाचा लोझानला तंत्रज्ञान विद्यापीठात शिकतो. त्याच्याकडे राहायचं आणि दोन स्टेशनांमधलं हे सरोवर पायी, रेल्वेने, जमेल तसं पालथं घालायचं असा बेत होता. कारण एकच, रॉकच्या माझ्या संग्रहातली काही भोकं या काठावर तयार झालेल्या अल्बमांची होती.

ही भोकं पडली कशी ते सांगायला हवं. आमच्या पिढीकडे रॉक आलं ते कॅसेटवरून, आणि त्यातही ‘बेस्ट ऑफ’, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अशा संकलनांतून. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहिलं की एका कॅसेटच्या पैशात जास्तीत जास्त ओळखीची गाणी कशी मिळतील हाच हिशोब असायचा. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तोवर माझा रॅक भरलेला होता. पण भरलेला म्हणजे हिट गाण्यांनी. डीप पर्पल, क्वीन, येस, झॅपा ही सगळी नावं होती, त्यांचा सलग अल्बम मात्र जेमतेम एखादा. गिटार हातात धरलेल्या प्रत्येक पोराला डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात येते. ते गाणं ज्या अल्बमवर आहे तो ‘मशीन हेड’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली माणसं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत.

त्या गाण्याची हकिकत अनेकांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. माँत्रोच्या काठावर चालताना ती नीट जुळते, कारण सगळ्या जागा एका ओळीत आहेत. डिसेंबर १९७१. डीप पर्पलची पाच माणसं इथे अल्बम करायला आली. रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत रेकॉर्डिंगची सगळी यंत्रं बसवलेला ट्रक, त्यांनी भाड्याने आणला होता. हंगाम संपून कॅसिनो हिवाळ्यासाठी रिकामा होणार, मग त्याच्या सभागृहात वाजवायचं, असं ठरलेलं. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा आणि त्याच्या ‘मदर्स’ या बँडचा होता. तो चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारी बंदूक, झाडली. छताने पेट घेतला आणि बघता बघता कॅसिनो बेचिराख झाला. जीव मात्र एकाचाही गेला नाही. माँत्रो जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स आत धावत जाऊन पोरांना बाहेर काढत होता, म्हणून गाण्यात तो नावासकट आला. पर्पलची मंडळी समोरच्या हॉटेलातून तळ्यावर पसरणारा धूर बघत बसली. पुढे एका सकाळी बासवादक रॉजर ग्लोव्हर जागा झाला तो हे शीर्षक तोंडात घेऊनच.

आताचा कॅसिनो त्याच जागी १९७५ मध्ये उभा राहिला. आत कठड्यावर नक्षी म्हणून त्या गाण्याचे स्वर लावले आहेत आणि काठावरच्या एका शिल्पात तीच धून नोटेशनमध्ये कोरली आहे. मी ती बोटाने गिरवून पाहिली. भाचा गिटार वाजवतो. तो म्हणाला, “मामा, सगळे एका तारेवर पिकने वाजवतात ना, ते चुकीचं आहे. रिची ब्लॅकमोर दोन तारा एकदम बोटांनी ओढतो.” तो म्हणाला ते खरं आहे. सा आणि खालचा प असे दोन स्वर जोडीने वाजतात, त्यामुळे त्या धुनेला वजन येतं. त्याखाली जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून घुसतो आणि गिटार कुठली, ऑर्गन कुठला, हे कळेनासं होतं. फोनच्या स्पीकरवर ही जोडी ऐकूच येत नाही.

कॅसिनो गेल्यावर बँडला नोब्सने जवळचं पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री या गाण्याचा पाया वाजवून झाला, पण आवाजाने शेजारी जागे झाले आणि पोलीस आले. टेक पुरा होईस्तोवर बँडच्या माणसांनी दारं आतून दाबून धरली होती. दुसऱ्या दिवसापासून तीही जागा बंद. मग मिळालं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद पडलेलं, गारठलेलं.

ते हॉटेल तेरितेमध्ये होतं. माँत्रोच्या घाटावरून शिलाँच्या किल्ल्याच्या दिशेने चालत निघालं की वाटेत तेरिते लागतं. या वाटेवर माणसं किल्ला बघायला जातात, फुलझाडांपाशी फोटो काढतात. हॉटेलच्या जुन्या इमारतीत आता लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच बघायचं. पण बाल्कन्यांच्या त्या रांगा बघितल्या की एक गोष्ट पटकन समजते. बँड तळमजल्याच्या कॉरिडॉरच्या टोकाला वाजवत होता, आवाज घुमू नये म्हणून भोवती गाद्या उभ्या केलेल्या होत्या. ट्रक बाहेर. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, थंडीत बाहेर जाऊन ट्रक गाठायचा आणि तसंच परत यायचं. या फेऱ्यांना ते इतके कंटाळले की त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. वाजवायचं, चांगलं वाटलं की पुढचं गाणं घ्यायचं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च ट्रकमध्ये बसून सांभाळत होता.

‘मशीन हेड’मध्ये सात गाणी आहेत. तेरितेच्या बाकावर बसून हेडफोनवर मी ती ओळीने ऐकली. ‘हायवे स्टार’ने सुरुवात होते. हे गाणं दौऱ्याच्या बसमध्ये जन्माला आलं, एका पत्रकाराने तुम्ही गाणी कशी रचता म्हणून विचारलं तेव्हा. त्यातला गिटारचा तुकडा बाखच्या वळणाने चढत जातो. ‘पिक्चर्स ऑफ होम’ इयान पेसच्या ड्रम्सनी उघडतं आणि मध्ये ग्लोव्हरचा बास एकटा बोलतो. घरापासून लांब, डोंगरांत अडकल्याची भावना त्यात आहे आणि समोर तेच डोंगर दिसत होते. ‘लेझी’ सात मिनिटांहून मोठं. सुरुवातीला लॉर्डचा ऑर्गन घोगऱ्या आवाजात रेंगाळतो, मग ब्लूज सुरू होतो. आमच्या हिट्सच्या कॅसेटवर हे गाणं कधी आलंच नाही, आणि या अल्बममधलं मला सर्वांत आवडतं ते हेच.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्च १९७२ मध्ये अल्बम आला तेव्हा बँडने सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठीची छोटी तबकडी, म्हणून काढलं ते ‘नेव्हर बिफोर’. हिट तेच होणार असा त्यांचा अंदाज. ‘स्मोक’ सिंगल म्हणून आलं ते १९७३ मध्ये. वाजवणाऱ्यांनाच ज्याचा पत्ता नव्हता ते गाणं तेवढं उचलून बाकीची सहा सोडून द्यायची, असं आम्ही वर्षानुवर्षं केलं. ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे या सत्रांमधलं सर्वांत हळवं गाणं तर अल्बमवर घेतलंच नाही, ते ‘नेव्हर बिफोर’च्या मागच्या बाजूला गेलं. आता नव्या आवृत्त्यांवर मिळतं. घेताना ते आहे का बघून घ्यावं.

त्या ट्रकची एक वेगळी यादी होते, तीही सांगून टाकतो. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’, आणि ‘मशीन हेड’. १९७१-७२ या दोन वर्षांत बाहेर आलेले हे तिन्ही अल्बम याच ट्रकच्या मदतीने स्टुडिओबाहेर, घरांत आणि हॉटेलात झाले. कुठून सुरुवात करू विचारणाऱ्याला मी हे तीन हातात देईन.

संध्याकाळी बाजारचौकात आलो. इथे तळ्याकडे तोंड करून, मूठ आकाशात उगारून क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी उभा आहे. इरेना सेडलेत्स्का यांनी घडवलेला हा ब्राँझचा पुतळा १९९६ मध्ये बसवला. पायाशी ताजी फुलं होती. पुतळ्याशी फोटो काढणाऱ्या एका इटालियन जोडप्याला भाच्याने सांगितलं की हा माणूस आमच्या गावाजवळच्या शाळेत होता. त्यांचा विश्वास बसेना. पण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्येच फारोख बलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, पियानो शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवला. झांझिबारमध्ये जन्म, पाचगणीला शाळा, १९६४ मध्ये इंग्लंड. टेबललँडवर घोड्याची रपेट मारून परतणाऱ्या सहलींना ती शाळा मुद्दाम दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

क्वीनने इथला माउंटन स्टुडिओ १९७९ मध्ये विकत घेतला. तो नव्या कॅसिनोच्या आतच होता, म्हणजे ज्या आगीने पर्पलला गाणं दिलं तिच्या राखेवरच. गायक डेव्हिड बोवीसोबतचं ‘अंडर प्रेशर’ १९८१ मध्ये इथेच झालं. २०१३ पासून तिथे छोटं संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य. कपडे आणि वाद्यं मी भरभर पाहिली, वेळ घालवला तो कंट्रोल रूममध्ये. तिथे बसून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, खाली-वर करत आवाज वेगवेगळे काढून ऐकता येतात. मी इतर सगळं खाली आणून फक्त गाणारा आवाज ठेवला. मागे जी वाद्यांची भिंत असते ती नसताना शब्द संपताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. १९९१ च्या मे महिन्यात ‘मदर लव्ह’ फ्रेडीने इथेच गायलं. शेवटचं कडवं नंतर गाऊ म्हणाला, ते झालं नाही. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने ते गाऊन पुरं केलं आणि गाणं ‘मेड इन हेवन’वर १९९५ मध्ये आलं.

क्वीनच्या बाबतीत माझ्यासारखे बहुतेक जण १९८१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर थांबलेले असतात. त्यांनी १९७४ चा ‘क्वीन टू’ घ्यावा. त्याची एक बाजू पांढरी, ती जवळजवळ सगळी ब्रायन मेची. दुसरी काळी, ती पूर्ण फ्रेडीची. काळ्या बाजूवरचं ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ ऐकलं की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ कुठून आलं ते उमगतं. मग ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. त्यातलं ‘द प्रॉफेट्स साँग’ आठ मिनिटांहून मोठं आहे आणि मधोमध फ्रेडी स्वतःच्याच प्रतिध्वनीशी तिहेरी सुरांत गातो. ऱ्हॅप्सडीच्या सावलीत ते पार झाकलं गेलं.

दुसऱ्या दिवशी व्हवेला गेलो, माँत्रोहून रेल्वेने काही मिनिटांवर. पर्यटक इथे चार्ली चॅप्लिनच्या पुतळ्यासाठी येतात. आम्ही स्टेशनच्या मागच्या चढावर सेंट मार्टिन चर्चमध्ये गेलो. १९७७ च्या ‘गोइंग फॉर द वन’साठी येस हा बँड माँत्रोच्या स्टुडिओत होता आणि त्यांचा कीबोर्डवादक रिक वेकमन याला चर्चचा खरा ऑर्गन हवा होता. ऑर्गन स्टुडिओत आणता येत नाही. मग तो या चर्चमध्ये बसला, बाकीचे माँत्रोला, आणि मधल्या टेलिफोनच्या तारांवरून दोघांना जोडलं. ‘पॅरलल्स’मधला तो गडगडता ऑर्गन असा वाजला आहे. ऑर्गनपाशी उभा राहून भाचा कितीतरी वेळ तारांमधून आवाजाला लागणाऱ्या वेळाचं गणित करत होता. त्याच्या विद्यापीठात माँत्रो महोत्सवाच्या साऱ्या जुन्या ध्वनिफितींचं डिजिटल रूपांतर झालं आहे, तेव्हा हा प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा. येसचा हा अल्बम यादीत सहसा दिसत नाही, ‘क्लोज टू द एज’ आणि ‘फ्रॅजाइल’च सांगितले जातात. पण पंधरा मिनिटांचं ‘अवेकन’ माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम आहे.

परतताना लोझानमध्ये एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात शिरलो. तिथे ‘मशीन हेड’ची जांभळ्या लेबलची ब्रिटिश प्रत मिळाली. कव्हरवरची बँडची वितळल्यासारखी छबी म्हणजे घासून चकचकीत केलेल्या धातूच्या पत्र्यातलं प्रतिबिंब आहे. पत्र्यावर ठोकलेली अक्षरं हातात घेतल्यावर नीट दिसतात. ‘गोइंग फॉर द वन’ मिळाला. झॅपाचा १९६९ चा ‘हॉट रॅट्स’ही घेतला. त्या आगीत त्याच्या बँडची वाद्यं गेली आणि सहाच दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली ढकललं. कित्येक महिने तो चाकांच्या खुर्चीत होता. त्या काळात त्याने ‘वाका/जवाका’ आणि ‘द ग्रँड वाझू’ हे मोठ्या वाद्यवृंदाचे दोन अल्बम रचले. ‘स्मोक’ गुणगुणणाऱ्याला झॅपाचं नाव माहीत असतं, पण त्याचं संगीत कुणी ऐकत नाही. ‘हॉट रॅट्स’ त्याला उत्तम सुरुवात, जवळजवळ सगळा वाद्यांचाच आहे.

‘क्वीन टू’ तिथे नव्हता, तो मुंबईतून मागवला आहे. आणि ज्यांच्याकडे ‘मशीन हेड’ आधीच आहे त्यांनी थेट ‘मेड इन जपान’ घ्यावा. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या मैफलींचा हा दुहेरी अल्बम. तेरितेच्या कॉरिडॉरमध्ये साडेचार मिनिटांत आटोपलेलं ‘स्पेस ट्रकिन’ तिथे वीस मिनिटं चालतं आणि चौथी बाजू सगळी तेच आहे.