मेसन व्हायचंय? आधी घरी विचारा

कोटावरची गुण्या-कंपासची पिन पाहून लोक विचारतात, ‘तुम्ही फ्रीमेसन? मग आम्हाला कधी बोलावलं नाहीत!’ फ्रीमेसन, थोडक्यात मेसन, म्हणजे फ्रीमेसनरी या जुन्या बंधुभावाच्या संस्थेचा सभासद. तिथे बोलावणं येत नसतं. मेसन व्हायचं तर आपणच विचारायचं, अशी जुनी रीत आहे आणि मला ती पटते.

वय २१ पूर्ण हवं, चालचलन चांगलं हवं आणि परमेश्वरावर श्रद्धा हवी. कोणता परमेश्वर, हे कोणी विचारत नाही. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची. मी गीतेवर घेतली. पण देव न मानणाऱ्याला प्रवेश नाही. आमच्या लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, बायकांनाही नाही.

हा मोकळेपणा मुंबईत पहिल्यापासून नव्हता. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या युरोपियन लॉजने घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं आणि आपल्या माणसांना दार उघडलं. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये शिरताना माणेकजींबद्दल मला फार आदर वाटतो.

अर्जाला प्रस्तावक आणि अनुमोदक लागतो. माझ्या वेळी लॉजचे दोघे ज्येष्ठ आमच्या डोंबिवलीच्या घरी आले. मला थोडंसंच विचारलं, मग हिच्याकडे वळले. ‘वहिनी, मीटिंगच्या दिवशी यांना घरी यायला उशीर होईल. चालेल ना? वर्गणीपायी घरखर्चाला चिमटा बसणार नाही ना?’ हिने उलट विचारलं, ‘मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळेल का?’ ‘घर आधी, लॉज नंतर,’ ते म्हणाले. माझा निर्णय तिथेच पक्का झाला.

नंतर गुप्त मतदान. पेटीत हात घालून होकाराची पांढरी किंवा नकाराची काळी गोळी टाकायची; कोणी कोणती टाकली ते शेजारच्यालाही दिसत नाही. काळीचं कारण विचारायचं नाही.

दीक्षेत काय होतं ते सांगणार नाही. ते आधी वाचूनही येऊ नका, मजा जाते. पायऱ्या तीन. पुढची पायरी चढण्याआधी ठरलेली प्रश्नोत्तरं सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हणायची, आमच्याकडे तीही इंग्रजीत. मी ती लोकलमध्ये घोकली.

आणि धंद्याला ओळखी मिळतील म्हणून येणार असाल, तर अर्ज करूच नका. स्वार्थासाठी येत नाही, असं दीक्षेआधी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.